भागवंतीचे मौन

कलाकृतीने समाजाला काय शिकवावे, या प्रश्नावर मराठी टीकेने जितकी शाई वेचली, तितकी समाज कलाकृतीपासून प्रत्यक्षात काय शिकतो या प्रश्नावर वेचलेली नाही. ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावांशी निगडित झालेला ‘कलेसाठी कला’ की ‘जीवनासाठी कला’ हा वाद दीर्घकाळ गाजला. त्यातील दोन्ही पक्ष एका बाबतीत मात्र नकळत एकमताचे होते. लेखकाचा जो काही हेतू असेल, मग तो रंजनाचा असो वा उद्बोधनाचा, तो वाचकापर्यंत जसाच्या तसा पोचतो, असे दोघांनीही गृहीत धरले होते. स्त्रीच्या चित्रणाबाबत हे गृहीत किती ठिसूळ आहे, याचा पुरावा पुस्तकांच्या जगात मिळणे अवघड; कारण वाचक सहसा बोलत नाही. तो मिळतो दिल्लीत, साहित्याहून निराळ्या अशा एका माध्यमाच्या इतिहासात.

या माध्यमाचा दिल्लीतील जन्मच मुळी शिकवणुकीच्या हेतूने झाला. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले, तेव्हा ते आठवड्यातून दोनदाच होत असे आणि शहराच्या परिसरापलीकडे पोचत नसे. युनेस्कोच्या साहाय्याने काही वस्त्यांतून सामुदायिक संच ठेवण्यात आले आणि लोकांनी एकत्र बसून नागरिकत्वाचे, आरोग्याचे धडे घ्यावेत अशी योजना होती. १९६५ मध्ये दैनंदिन प्रक्षेपण सुरू झाले. २६ जानेवारी १९६७ रोजी सुरू झालेला ‘कृषिदर्शन’ हा कार्यक्रम दिल्लीच्या आसपासच्या ऐंशी खेड्यांसाठी होता. मुंबईला केंद्र मिळाले ते १९७२ मध्ये. पुढे १९७६ मध्ये दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले, १९८२ मध्ये रंग आला आणि उपग्रहाच्या व नव्या प्रक्षेपकांच्या आधाराने त्याच वर्षापासून दिल्लीचे कार्यक्रम देशभर दिसू लागले. मंडी हाऊस हे नाव या संस्थेचे पर्यायनामच होऊन बसले. त्याच चौकाच्या परिसरात रवींद्र भवनात साहित्य अकादमी आहे आणि जवळच राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे. साहित्य, नाट्य आणि दूरचित्रवाणी यांच्या संस्था अशा शेजारी नांदत असताना टीकाकाराने मात्र त्यांपैकी तिसरीची दखल घेणे आपल्या प्रतिष्ठेस उणेपणा आणणारे मानले, ही खेदाची गोष्ट होय.

७ जुलै १९८४ रोजी ‘हम लोग’ ही मालिका सुरू झाली. भारतीय दूरदर्शनवरील दीर्घ कौटुंबिक मालिकांचा आरंभ तिच्यापासून होतो. लेखक होते मनोहर श्याम जोशी. ‘कुरु कुरु स्वाहा’ आणि ‘कसप’ या कादंबऱ्यांनी हिंदी साहित्यात ज्यांचे स्थान तोवर पक्के झाले होते आणि ज्यांना पुढे ‘क्याप’साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला, असे हे लेखक. दिग्दर्शन पी. कुमार वासुदेव यांचे होते. चित्रीकरण दिल्लीलगतच्या गुडगावात झाले आणि नटवर्गातील अनेक जण दिल्लीच्या रंगभूमीवरून आलेले होते. कथा होती एका निम्नमध्यमवर्गीय कुटुंबाची : आजी-आजोबा, दारूच्या आहारी गेलेला मुलगा बसेसर राम, त्याची बायको भागवंती, आणि त्यांची पाच मुले. १७ डिसेंबर १९८५ रोजी मालिका संपली तेव्हा तिचे १५६ भाग झाले होते.

या मालिकेमागची कल्पना मेक्सिकोतून आली होती. तेथील मिगेल साबिदो या नाट्यदिग्दर्शकाने कुटुंबनियोजनासारख्या विषयांवर दीर्घ मालिका रचण्याची एक पद्धतच सिद्ध केली होती. माहिती व नभोवाणी मंत्री असताना वसंत साठे यांचे, आणि नंतर त्या खात्याचे सचिव एस. एस. गिल यांचे लक्ष या प्रयोगाकडे वेधले गेले. साठे हे विदर्भातील. एका मराठी राजकारण्याच्या कुतूहलाचाही या कथेत असा थोडा वाटा आहे. साबिदोंच्या पद्धतीला दोन आधार होते. एक, मनुष्य दुसऱ्याचे वर्तन व त्याचे फळ पाहून शिकतो, हा आल्बर्ट बांडुरा यांचा मानसशास्त्रीय सिद्धांत. आणि दुसरा, एरिक बेंटली यांचा नाट्यविचार, त्यातही अतिनाट्याची मीमांसा. त्यांवरून पात्रांचे तीन वर्ग ठरतात : अनुकरणीय, त्याज्य आणि मधल्यामधे हेलकावणारे. अनुकरणीय पात्राला सुख मिळते, त्याज्य पात्राला दुःख भोगावे लागते, आणि मधले पात्र प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत वाईटाकडून चांगल्याकडे येते. प्रेक्षकाने काय घ्यावे आणि काय टाकावे हे सुखदुःखाच्या या वाटपावरून त्याला आपोआप कळते, अशी यामागील श्रद्धा आहे.

कुटुंबनियोजनाचा उपदेश प्रेक्षकांना रुचला नाही, म्हणून पहिल्या तेरा भागांनंतर तो सौम्य करण्यात आला आणि कुटुंबातील सलोखा, स्त्रियांचा दर्जा हे विषय पुढे आले. मालिकेचा खर्च जाहिरातदाराने उचलण्याची प्रथाही येथूनच रूढ झाली. पुरस्कर्ती होती फूड स्पेशालिटीज ही कंपनी, आणि तिला आपल्या ‘मॅगी’ या नव्या शेवयांची ओळख देशाला करून द्यायची होती. एका बाजूला दिवसभर चुलीपाशी राबूनही सासूची बोलणी खाणारी भागवंती, आणि तिच्या कथेच्या आगेमागे दोन मिनिटांत मुलांचे पोट भरून हसतमुख उभी राहणारी जाहिरातीतली आई! एकाच संध्याकाळी, एकाच पडद्यावर, आईविषयीच्या या दोन अपेक्षा शेजारी शेजारी मांडल्या गेल्या. त्यांतल्या विसंगतीने कोणी अस्वस्थ झाल्याचे दिसत नाही.

साबिदोंच्या आराखड्यात भागवंती हे त्याज्य पात्र होते. जयश्री अरोडा यांनी साकारलेली ही स्त्री नवऱ्याचा दारूडेपणा सोसते, सासूचा जाच सोसते, उलट उत्तर देत नाही. स्त्रीने असे असू नये हे दाखवण्यासाठीच तिची योजना होती. थोरली मुलगी बडकी ही अनुकरणीय. ती घराबाहेर पडते, स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करते, स्वतःचे लग्न स्वतः ठरवते. मधली मंझली सिनेमाच्या मोहाने वाहवत जाते आणि त्याचे फळ भोगते. योजना रेखीव होती. मालिका संपल्यानंतर अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या दोन अभ्यासकांनी दिल्ली, पुणे आणि मद्रास यांच्या परिसरांतील ११७० प्रौढ प्रेक्षकांची पाहणी केली आणि प्रेक्षकांच्या पत्रांचेही विश्लेषण केले. अनुकरणीय कोण, या प्रश्नाला लोकांनी दिलेले उत्तर रचनाकारांना चकित करणारे होते. जुन्या वळणाच्या आजोबांना सर्वाधिक पसंती मिळाली. बडकीचे नाव फारच थोड्यांनी घेतले. आणि भागवंतीला आदर्श मानणाऱ्यांची संख्या बडकीच्या चाहत्यांहून पुष्कळच अधिक निघाली. त्यांत बहुसंख्य स्त्रियाच होत्या.

हा निकाल एखाद्या लहानशा फसलेल्या प्रयोगाचा म्हणून बाजूला सारता येत नाही. मालिका लोकांनी डोक्यावर घेतली होती. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार पडद्यावर येत, घडलेल्या प्रसंगाचे तात्पर्य सांगत आणि प्रेक्षकांना मत विचारीत. त्यांच्या नावे आलेल्या पत्रांची संख्या लाखांच्या घरात गेली. बडकीने लग्नाचा निर्णय लवकर घ्यावा म्हणून तिला तरुणींनी पत्रे लिहिली. तेव्हा प्रेक्षक उदासीन होता असे नाही, आणि तो अजाण होता असेही नाही. त्याने मालिका मन लावून पाहिली, आणि मन लावून पाहूनच तिचा उलटा अर्थ घेतला.

असे का झाले? भारतीय प्रेक्षक परंपरानिष्ठ आहे, या सहज सुचणाऱ्या उत्तराने काहीच उलगडत नाही. खरे कारण अधिक खोल, आणि साहित्याच्या अभ्यासकाला परिचित असे आहे. साबिदोंच्या पद्धतीत दुःख ही शिक्षा असते. ज्या परंपरेत सावित्रीची आणि सीतेची कथा घरोघरी ऐकली जाते, तेथे स्त्रीचे दुःख ही शिक्षा नसते. ती परीक्षा असते. सोसणे हे तप, आणि जितके सोसणे अधिक तितके तपाचे मोल अधिक. वडाला सूत गुंडाळणाऱ्या स्त्रीला, भागवंती दुःखात आहे म्हणून ती चुकली आहे, हे पटणे शक्य नव्हते. पात्राचे नावच पाहावे. मराठी कानाला ‘भागवंती’त ‘भाग्यवंती’ ऐकू येते, आणि त्यामागोमाग ‘सौभाग्यवती’ही. लेखकाने हे नाव उपरोधाने ठेवले असेल. प्रेक्षकाने ते सरळ अर्थाने घेतले.

परंतु परंपरेवर सगळा भार टाकूनही चालणार नाही. मराठीतच याच्या उलट घडलेले उदाहरण आहे. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध होत गेली. म्हणजे तीही एक मालिकाच. यमूचे दुःख भागवंतीच्या दुःखाहून उणे नाही. लहानपणीचा धाक, सासरचा जाच, नवऱ्याच्या सहवासातले थोडे सुखाचे दिवस, त्याचा मृत्यू आणि तिच्या इच्छेविरुद्ध झालेले केशवपन. सावित्री-सीतेची परंपरा तेव्हाच्या वाचकाच्या अंगात शंभर वर्षांनंतरच्या प्रेक्षकापेक्षा अधिकच मुरलेली होती. तरीही यमूकडे पाहून, स्त्रीने असेच सोसावे, असा अर्थ घेणे वाचकाला जवळजवळ अशक्य होते. याचे कारण हरिभाऊंनी स्वीकारलेल्या रचनेत आहे. यमू आपली कथा स्वतः सांगते. जे घडले ते अन्याय होते, असे तीच म्हणते. तिच्या सोसण्याला तप म्हणू पाहणाऱ्या वाचकाला आधी तिचे शब्द खोटे ठरवावे लागतात.

भागवंतीला असा शब्द मिळाला नाही. ती सोसते, पण आपल्या सोसण्याविषयी तिला काय वाटते हे सांगण्याची जागा मालिकेच्या रचनेत नाही. तिच्याविषयीचा शेवटचा शब्द अशोककुमारांचा, म्हणजे एका वृद्ध, वत्सल पुरुषाचा. तिचे मौन रिकामे राहिले आणि त्या रिकाम्या जागेत प्रेक्षकाने आपल्या घरातली अपेक्षा भरली. मालिकेच्या या दोषाची जबाबदारी एकट्या जोशींवर टाकणे अन्यायाचे होईल. सरकारी खाते, विदेशी आराखडा, जाहिरातदार आणि लोकमत अशा चौघांच्या ओढाताणीत त्यांना लिहावे लागले. कादंबरीकार जोशी एका पात्राच्या तोंडी किती तऱ्हांचे बोलणे घालू शकत, याची साक्ष ‘कसप’ देते. भागवंतीच्या वाट्याला त्यातले काही आले नाही, एवढे खरे.

हे सारे केवळ रचनाशास्त्राचे प्रश्न नव्हते. ज्या दिल्लीत ही मालिका घडली, तेथे त्या वर्षांत सुनेचे सोसणे हा जीवनमरणाचा प्रश्न झाला होता. १९७९ पासून हुंड्यापायी जळून मेलेल्या नवविवाहितांच्या प्रकरणांवरून दिल्लीतील स्त्रिया रस्त्यावर उतरल्या होत्या. त्याच वर्षी ‘ओम् स्वाहा’ हे पथनाट्य चौकाचौकांतून होऊ लागले आणि ‘मानुषी’ हे नियतकालिक निघू लागले. मुली माहेरी येऊन जाच सांगत आणि थोडे सोसायला शिक असे म्हणून त्यांची परत पाठवणी होई, ही त्या काळच्या निषेधांत पुन्हा पुन्हा बोलली गेलेली गोष्ट होती. १९८३ मध्ये नवऱ्याच्या व सासरच्या क्रूरतेविरुद्ध ४९८-अ हे कलम दंडसंहितेत आले, आणि १९८६ मध्ये हुंडाबळीचे स्वतंत्र कलम. या दोन तारखांच्या मधोमध, त्याच शहरातील घरांत, रात्रीच्या जेवणाच्या सुमारास भागवंती सोसत होती आणि तिचे कौतुक होत होते. कौतुक करणाऱ्यांत मुलींच्या आयाही असणार. मुलीला परत पाठवताना पुढे करण्यासाठी त्यांना पडद्यावरचे एक उदाहरण आयतेच मिळाले.

मराठी वाचकाला हा विषय नवा वाटू नये. वृत्तपत्रे, नाटके, कादंबऱ्या यांतील स्त्रीचे चित्र आणि घरातल्या स्त्रीकडून केल्या जाणाऱ्या अपेक्षा यांचा संबंध एका मराठी स्त्रीने १८८२ मध्येच उघड केला होता. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर अर्भकहत्येचा खटला चालला आणि त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीवर झोड उठली, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांसारख्या लोकप्रिय कादंबऱ्यांनाही त्यांनी जाब विचारला. पतिव्रतेची थोरवी गाणारा ग्रंथकार पुरुषाकडून तसल्या कोणत्या व्रताची अपेक्षा करतो, हा त्यांचा रोख होता. हे पुस्तक पुढे विस्मरणात गेले, स. गं. मालशे यांनी ते १९७५ मध्ये पुन्हा प्रकाशात आणले. फडके-खांडेकरांचा वाद ऐन भरात होता, तेव्हा त्यात मोडणारा एक मूलभूत आक्षेप मराठीत लिहिलेला होता. पण तो वाचलेले कोणी त्या वादात नव्हते. त्याच काळात बालगंधर्वांच्या लुगड्याची, अलंकारांची आणि केशरचनेची नक्कल घरंदाज स्त्रिया करीत होत्या. स्त्रीने कसे दिसावे हे एका पुरुषाने रंगभूमीवर ठरवून दिले आणि स्त्रियांनी ते आनंदाने उचलले. मराठी रसिक हे कौतुकाने सांगत आला आहे. त्यात अडखळण्याजोगे काही आहे असे त्याला क्वचितच वाटले. आणि महाराष्ट्रातील भागवंतीभक्तीचे प्रमाण पाहायचे असेल तर १९९१ च्या ‘माहेरची साडी’ या चित्रपटाचे अफाट यश पुरेसे आहे.

राज्यकर्त्यांना हा प्रश्न दिसलाच नाही असे नाही. स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या राष्ट्रीय समितीचा ‘समानतेकडे’ हा अहवाल १९७४ मध्ये पुरा झाला होता. पी. सी. जोशी यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने दूरदर्शनच्या कार्यक्रमांविषयी जो अहवाल दिला आणि जो १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानेही स्त्रियांच्या चित्रणाचा गंभीरपणे विचार केला होता. परंतु संसदेने १९८६ मध्ये कायदा केला तो स्त्रियांच्या असभ्य प्रतिरूपणाविरुद्ध. तो जाहिराती, पुस्तके, चित्रे यांतील देहप्रदर्शनाला लागू होतो. त्याच्या दृष्टीने भागवंती ही सर्वस्वी निर्दोष प्रतिमा ठरते. डोक्यावर पदर, खाली नजर. असभ्यता दंडनीय ठरली. सभ्यतेच्या नावाखाली स्त्रीकडून काय मागितले जाते, हा प्रश्न कायद्याच्या कक्षेत बसण्यासारखा नव्हता, आणि टीकेने तो आपल्या कक्षेत घेतला नाही.

पुढच्या काळातील काही मालिकांत हे चित्र पालटलेले दिसते. १९८५ मध्ये प्रिया तेंडुलकरांची ‘रजनी’ आली. ग्राहक म्हणून, नागरिक म्हणून भांडणारी गृहिणी. १९८९ मध्ये कविता चौधरी यांनी ‘उडान’ लिहिली, दिग्दर्शित केली आणि तिच्यात कामही केले. पोलीस अधिकारी झालेल्या आपल्या बहिणीच्या आयुष्यावरून त्यांना ती सुचली होती. याच कविता चौधरी साबणाच्या चुऱ्याच्या जाहिरातीत काटकसरी, चोखंदळ ललिताजी म्हणून घरोघरी पोचलेल्या होत्या. एकाच चेहऱ्याने संसाराचा हिशेबही शिकवला आणि वर्दीचे स्वप्नही दाखवले. या दोन्ही स्त्रिया बोलक्या होत्या, हे विशेष. त्यांचा प्रेक्षकाने उलटा अर्थ घेतल्याचे ऐकिवात नाही.

२००० नंतरच्या सासू-सुनांच्या मालिकांविषयी सुशिक्षितांत तुच्छता आहे, आणि ती अकारण नाही. तरीही रॉबर्ट जेन्सन व एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी बिहार, गोवा, हरियाणा, तमिळनाडू आणि दिल्ली येथील २००१ ते २००३ या काळातील पाहण्यांवरून २००९ मध्ये काढलेला निष्कर्ष विचारात घ्यावा लागतो. जेथे केबल नव्याने पोचली, तेथे नवऱ्याची मारहाण क्षम्य मानणाऱ्या स्त्रियांचे आणि मुलगाच हवा म्हणणाऱ्यांचे प्रमाण घटलेले आढळले. सुधारणेसाठी रचलेली मालिका सोसणाऱ्या स्त्रीचा गौरव करून गेली, आणि केवळ धंद्यासाठी रचलेल्या मालिकांच्या काळात स्त्रियांची उत्तरे बदलली! अर्थात पाहणी करणाऱ्याला दिलेले उत्तर आणि घरातले वर्तन यांत अंतर असू शकते. कदाचित स्त्रियांनी योग्य उत्तर कोणते एवढेच ओळखले असेल. तेही काही कमी नव्हे.

आकड्यांत जे सापडत नाही ते पूर्णिमा मणकेकर यांच्या दिल्लीतील अभ्यासात सापडते. १९९० च्या सुमारास त्या निम्नमध्यमवर्गीय वस्त्यांतील घरांत बसून, तेथील कुटुंबांबरोबर मालिका पाहत होत्या. त्यांचे ‘स्क्रीनिंग कल्चर, व्ह्यूइंग पॉलिटिक्स’ हे पुस्तक १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. बी. आर. चोप्रा यांच्या ‘महाभारत’ मालिकेतील द्रौपदीवस्त्रहरणाचा प्रसंग त्या काळात सगळ्यांच्या स्मरणात ताजा होता. तो प्रसंग स्त्रियांना आपला वाटला, तो दोन प्रकारांनी. बसमध्ये, रस्त्यावर, कधी घरातही आपल्यावर जे गुदरते त्याची त्यांना आठवण झाली आणि असहायतेने मन भरून आले. आणि त्याच वेळी द्रौपदीचा संताप हा आपल्याही संतापाला वाट देणारा आहे असे त्यांना जाणवले. ही मालिका पौराणिक होती, तिच्यात स्त्रियांच्या दर्जाविषयीचा कोणताही आराखडा नव्हता. परंतु महाभारतकाराने द्रौपदीला भर सभेत एक प्रश्न विचारायला लावला आहे, आणि संवादलेखक राही मासूम रझा यांना तो गाळता येण्यासारखा नव्हता. स्वतःला हरून बसलेल्या नवऱ्याला बायको पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय, असे ती विचारते. भीष्मांना त्याचे सरळ उत्तर देता आलेले नाही. दिल्लीतल्या त्या घरांत हा प्रश्न ऐकणाऱ्या स्त्रियांच्या शेजारी त्यांचे नवरे आणि सासवाही बसलेल्या होत्या.